गाठ दुखत नव्हती

आज राजकारणावर नाही, घरातलं लिहितोय.

माझी चुलत बहीण, आमची अक्का. राहात्यात पेरूच्या तोडणीला जाते. छातीत गाठ हाताला लागली, तर आठ महिने कुणाला बोलली नाही. ऑपरेशननंतर मी विचारलं, "अक्का, लपवलं का गं?" म्हणाली, "अरे, दुखतच नव्हती. आणि सांगू कुणाला? तुला?"

ते 'तुला?' अजून टोचतंय. वीस वर्षं बातमीदारी करतोय. शिबिरांच्या बातम्या किती लावल्या! फीत कापली, मान्यवरांची नावं, ग्रुप फोटो. पण 'स्तन' हा शब्द टाळून 'महिलांचे आजार' असंच लिहीत आलो. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही, हे एकदाही छापलं नाही. आमच्या बाया मात्र दुखायची वाट बघत बसतात.

मशीन नाही, म्हणून तपासणी नाही, हेही खरं नाही. मुंबईत टाटा मेमोरियलने 1998 पासून वीस वर्षं सुमारे दीड लाख बायकांवर अभ्यास केला. निम्म्या बायकांची छाती प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासली. त्यांच्यात कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडला. 2021 मध्ये निष्कर्ष छापून आले: पन्नाशीपुढच्या बायकांत या आजाराने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी.

सरकारी कार्यक्रमातही 30 वर्षांपुढच्या प्रत्येक बाईची अशी तपासणी धरलेली आहे. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात, तो त्यासाठीच. पण फॉर्म भरला म्हणजे तपासणी झाली असं नाही. उपकेंद्रात जाऊन सरळ विचारा, "ताई, हाताने तपासणी कधी करणार?" ग्रामसभेतही विचारा. लाजायचं काय त्यात?

गाठ, काखेतली सूज, आत ओढलं गेलेलं किंवा रक्त येणारं बोंड, संत्र्याच्या सालीसारखी झालेली कातडी, यातलं काहीही दिसलं तर दुखायची वाट बघू नका. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. खर्चाची भीती असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत, दवाखान्यात आरोग्यमित्राला विचारा.

अक्काची केमो चालू आहे. "माझं लिही, पण नाव टाकू नको," म्हणाली. म्हणून लिहिलं. घरातल्या बायामाणसांना वाचून दाखवा. 'स्तन' शब्द आला की अडखळू नका.