मी मुलांना मुंबई दाखवली

मुलांना मुंबई दाखवण्याचा बेत मी जाहीर केला, तेव्हा घरात आनंदाचा गलका उडेल अशी माझी भाबडी समजूत होती. प्रत्यक्षात धाकट्याने भाकरीचा तुकडा मोडता मोडता, मान वर न करताच विचारले, "मग आजोळी कधी जायचं?" आणि थोरली समजूतदारपणे म्हणाली, "बाबा, तुम्ही जाऊन या ना. आम्ही आईबरोबर मुरबाडला जातो."

यात मुलांची चूक होती असे नाही. वैशाखाचे दिवस म्हणजे आजोळी करवंदांच्या जाळ्या काळ्या होण्याचे, आढीतल्या रायवळ आंब्यांचा वास घरभर पसरण्याचे दिवस. दुपारी काळू नदीच्या डोहात डुंबावे, रात्री अंगणात आजीच्या गोधडीवर पडून चांदण्या मोजाव्यात. या सुखापुढे मुंबई ती काय देणार! पण मीही हट्टाला पेटलो होतो. त्यांच्याएवढा असताना आमच्या शाळेची सहल एस.टी.ने मुंबईला गेली होती. राणीचा बाग, गेट वे, म्हातारीचा बूट! परत आल्यावर वर्षभर मी गावातल्या पोरांना त्या गोष्टी तिखटमीठ लावून सांगत होतो. पुढे मास्तर झालो, चार कादंबऱ्याही लिहिल्या. पण ऐकणाऱ्यांचे असे वासलेले आ पुन्हा काही माझ्या वाट्याला आले नाहीत. ते भाग्य मुलांनाही लाभावे, एवढीच माझी इच्छा.

अखेर हिने तह घडवून आणला. दोन दिवस मुंबई, आठ दिवस आजोळ. हा सौदा कोणाच्या फायद्याचा, हे मुलांना बरोबर कळले आणि ती गप्प बसली.

आसनगावची पहाटेची लोकल धरून आम्ही निघालो. मुक्काम परळला, माझ्या मावसभावाकडे. तिथे पोहोचल्यापासून थोरलीचे एक विचित्र काम सुरू झाले. घरातला जो कोणी नळ सोडी, त्याच्यामागे ही उभी, आणि त्याने पाठ फिरवली की नळ घट्ट पिळून मोकळी. वहिनी हसून म्हणाल्या, "अगं, राहू दे. आमच्याकडे काही तोटा नाही पाण्याचा." मला मात्र जरा ओशाळल्यासारखे झाले. गावाकडे मार्च सरला की विहिरीचा तळ दिसतो, आणि टँकर आला की ही पोर हंडा घेऊन धावते, हे वहिनींना कुठे ठाऊक होते?

मग आमचे स्थलदर्शन सुरू झाले. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपुढे उभे राहून मी माझ्या वर्गातल्या आवाजात सांगितले, की ही इमारत बांधायला १८७८ मध्ये घेतली, दहा वर्षे काम चालले, आणि २००४ मध्ये तिला जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. धाकट्याने सगळे ऐकून घेतले आणि पायातली चप्पल चावते, एवढेच कळवले.

गेट वे ऑफ इंडियापाशी तर त्याने माझी दांडीच उडवली. १९११ मध्ये पंचम जॉर्ज बादशहा इथे उतरला, त्याची आठवण म्हणून ही कमान उभारली, ती १९२४ मध्ये पुरी झाली, आणि १९४८ मध्ये इंग्रजांची शेवटची पलटण इथूनच परत गेली, असे मी रंगवून सांगितले. तो विचारात पडला. "म्हणजे राजा आला तेव्हा हा दरवाजा नव्हता. आणि दरवाजा झाल्यावर ते लोक निघून गेले. मग त्यांनी तो बांधला कशाला?" पंचवीस वर्षांच्या मास्तरकीत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी सगळ्यांना भेळ घेऊन दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भायखळ्याला राणीचा बाग. नाव आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. २०१७ पासून तिथे पेंग्विन पाहायला मिळतात. बाहेर घामाच्या धारा आणि काचेपलीकडे गारेगार हवा. धाकटा प्रथमच खूश झाला; मात्र निघताना म्हणाला, "यांना सुट्टीत आजोळी सोडतात का?" थोरली काचेला नाक लावून उभी होती. तिची नजर पक्ष्यांवर नव्हतीच. ती त्यांच्या तळ्याकडे पाहत होती.

संध्याकाळी मलबार हिल गाठले. हा माझा हुकमाचा एक्का. कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट! पण माझ्या आठवणीतला तो बूट दोन ताडांएवढा होता. हा फारच आखूड वाटला. मुलांनी त्याला एक प्रदक्षिणा घातली आणि "झालं?" असे विचारले. माझा पडलेला चेहरा पाहून ही हळूच म्हणाली, "अहो, बूट तेवढाच आहे. तुम्ही मोठे झालात."

समोरच्या फिरोजशहा मेहता उद्यानात, म्हणजे लोक ज्याला हँगिंग गार्डन म्हणतात तिथे, आम्ही टेकलो. झुडपे कातरून केलेले प्राणी पाहून झाले. काहीतरी बोलायचे म्हणून मी म्हणालो, "आपण बसलोय त्या बागेखाली पाण्याची भली मोठी टाकी आहे, बरं का. इंग्रजांच्या वेळची. दक्षिण मुंबईतल्या घरांना इथून पाणी जातं."

थोरली ताडकन उठून बसली. "एवढं पाणी येतं कुठून?"

"मुंबईला पाणी देणारी सात तळी आहेत. त्यांतली तानसा, मोडकसागर आणि भातसा आपल्या शहापूर तालुक्यातली. तानसा १८९२ पासून मुंबईची तहान भागवतोय. आणि आज मुंबईच्या पाण्यातलं निम्मं तर एकट्या भातसाचं. धरणातून सोडलेलं पाणी नदीतून वाहत पिसे बंधाऱ्यापर्यंत जातं, तिथून उपसून पांजरापूरला शुद्ध करतात, आणि मग मोठाल्या नळांतून मुंबईला."

दोन दिवसांत प्रथमच माझे व्याख्यान कोणी जिवाचा कान करून ऐकत होते. तिने खालच्या हिरवळीवर तळहात टेकवला.

"म्हणजे हे आपलं पाणी?"

"हो, आपल्याकडचंच."

मला अभिमान वाटला. एवढी मोठी मुंबई, पण तिची घागर आमच्या डोंगरांतून भरते! तेवढ्यात ती म्हणाली, "मग आपल्याकडे टँकर का येतो?"

धरणे शहरासाठी बांधली, नळ शहराकडे गेले, डोंगरातले गाव आणि पाडे उंचावर राहिले, तिथवर पाणी चढवायला योजना लागतात, योजनांना वर्षे लागतात, असे बरेच काही मी सांगितले. त्यातले खोटे काहीच नव्हते. पण सांगता सांगता माझा आवाज उतरत गेला. तिने पुन्हा काही विचारले नाही. निघताना तिथल्या नळावर ओंजळभर पाणी ती प्यायली, आणि नळ नीट बंद केला.

ठरल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी मुरबाड. सासूबाईंनी विचारले, "काय काय पाहिलंत रे मुंबईत?" धाकट्याने पेंग्विनची अशी काही हकीकत सांगितली, की अंगणात जमलेल्या पोरांचे आ वासलेलेच राहिले. पेंग्विन त्याच्याशी बोलला होता म्हणे! घराण्याची परंपरा चालू राहणार, याची मला खात्री पटली.

थोरली म्हणाली, "मी आपलं पाणी पाहिलं, आजी. म्हणजे दिसलं नाही. वर बाग केलीय."

जूनमध्ये शाळा सुरू झाली. भूगोलाच्या तासाला मी फळ्यावर आधी आमच्या तालुक्याचा नकाशा काढला, तिन्ही तळी निळ्या खडूने भरली आणि तिथून मुंबईपर्यंत एक लांब रेघ ओढली. वर्ग शांत होता. मग मागच्या बाकावरच्या, वरच्या पाड्यावरून चालत येणाऱ्या एका मुलाने हात वर केला.

तो काय विचारणार, हे मला ठाऊक होते.