स्पष्टवक्त्याला मानताना

मराठीत ‘स्पष्टवक्ता’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. समोर स्तुती करताना तो गुण असतो, आणि माणूस पाठमोरा झाला की तोच शब्द ‘फटकळ’ या अर्थाने येतो. भालचंद्र नेमाडे यांच्याविषयी बोलताना आमच्यासारख्या मराठीच्या प्राध्यापकांची नेहमी अशीच दुहेरी अवस्था होते. आदर तर आहेच; पण तो नेमका कशाचा, हे एकदा तपासून पाहावे, असे बरेच दिवस मनात होते.

नेमाडे आमच्या शहरातही राहिलेले लेखक. मराठवाडा विद्यापीठात ते इंग्रजी शिकवीत. आम्ही एम.ए.ला आलो तोवर विद्यापीठाचे नाव बदलले होते आणि ते हे शहर सोडून गेल्यालाही बराच काळ लोटला होता. त्यांच्या आख्यायिका मात्र मागे राहिल्या होत्या. त्यातल्या खऱ्या किती, हे विचारण्याची गरज तेव्हा कुणालाच वाटत नसे. पुढे नोकरीत आल्यावर एका जाहीर व्याख्यानानंतर आम्ही दोघे-तिघे सहकारी त्यांना भेटलो. भेट म्हणजे काय, तर गर्दीतून वाट काढत पुढे जाऊन नमस्कार केला आणि नमस्काराला नमस्कार मिळाला. मनात जुळवून नेलेले प्रश्न मनातच राहिले. परतीच्या वाटेवर आम्ही जे भांडलो, त्यातून हा लेख निघाला आहे.

पहिला वाद अर्थातच माध्यमाचा. इंग्रजी माध्यमाच्या शाळा बंद कराव्यात, असे नेमाडे सांगत आले. हे सांगणारा माणूस आयुष्यभर इंग्रजीचा प्राध्यापक होता, लंडनलाही शिकवून आला, आणि साहित्य अकादमीसाठी तुकारामांवरचे पुस्तकही त्याने इंग्रजीत लिहिले. यात विसंगती पाहणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. त्यांचा विरोध भाषेला नसून माध्यमाला आहे, आणि इंग्रजी आतून जाणणाऱ्यालाच तो विरोध शोभतो. अडचण निराळीच आहे. आमच्यापैकी बहुतेकांची मुले इंग्रजी शाळेत जातात आणि आम्ही पगार मराठीचा घेतो. वर्गात हा विषय निघाला तेव्हा पैठण तालुक्यातून येणारा एक विद्यार्थी म्हणाला, ‘सर, इंग्रजी नको म्हणायलासुद्धा आधी इंग्रजी यावं लागतं.’ ज्या शहरात बाबासाहेबांनी 1950 साली मिलिंद महाविद्यालय उभे केले, त्या शहरात हे वाक्य हसण्यावारी नेता येत नाही. नेमाड्यांचे म्हणणे संस्कृतीच्या बाजूने बरोबर आहे. त्या मुलाचे म्हणणे भाकरीच्या बाजूने.

दुसरा वाद कथेचा. कथा हा वाङ्मयप्रकार नेमाड्यांनी दुय्यम ठरवला, आणि कादंबरीचा कैवार घेताना कथाकारांना फारशी दयामाया दाखवली नाही. येथे आम्ही त्यांच्यासोबत जाऊ शकत नाही. 1963 साली ‘कोसला’ प्रसिद्ध झाली तेव्हा लेखक पंचविशीत होता. त्याच वर्षी बाबुराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला. एका वर्षाची ही दोन पुस्तके टेबलावर शेजारी ठेवली, तर प्रकाराची उतरंड मांडण्याचे धैर्य आम्हाला होत नाही. ज्यांना दिवसभराच्या कामातून लिहिण्यापुरती एखादी रात्रच मिळे, त्यांना कथा जवळची वाटली असेल, तर तो प्रकाराचा क्षुद्रपणा कसा? याच शहरातून गंगाधर पानतावणे यांनी चालवलेल्या ‘अस्मितादर्श’च्या अंकांत अशा कितीतरी लिहित्या हातांना जागा मिळाली.

मग आदर उरतो कशाचा? याचे उत्तर आम्हाला व्यासपीठावर सापडले नाही. ते कादंबऱ्यांत सापडले. ‘बिढार’, ‘जरीला’, ‘झूल’, ‘हूल’ यांतला चांगदेव पाटील आमच्याच पेशातला. संस्थाचालक, गटबाजी, नेमणुका, स्टाफरूममधली कुजबूज हे सारे त्यात इतके उघडे आहे, की वाचताना आपल्याच महाविद्यालयाच्या व्हरांड्यातून चालल्यासारखे वाटते. पण तेथे स्पष्टपणाची किंमत चांगदेव स्वतः मोजतो. तो सुटत नाही, एका गावाहून दुसऱ्या गावाला जात राहतो. ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीकरही साऱ्या जगाला नावे ठेवतो, मात्र धाकटी बहीण मनी जाते, आणि त्या एका मृत्यूपुढे त्याची सगळी फटकळ हुशारी थिटी पडते. कादंबरीत रोखठोक विधानाला परीक्षा द्यावी लागते. भाषणात तेच विधान सुटे निघते, दुसऱ्या दिवशी मथळा होते, आणि त्याच्या मागेपुढे काय होते हे कुणी पाहत नाही. साहित्य संमेलने हा रिकामा उद्योग आहे, हे त्यांचे मत आपल्याला इतके पाठ असते, की 2014 सालच्या ज्ञानपीठासाठी ज्या लेखनाची दखल घेतली गेली, ते वाचायचे राहूनच जाते.

आणखी एक गोष्ट. आमच्या विभागातले काही सहकारी तासिका तत्त्वावर काम करतात. पुढच्या जूनमध्ये आपल्याला बोलावतील की नाही, हे त्यांना ठाऊक नसते. बैठकीत ते गप्प असतात आणि नेमाड्यांच्या भाषणाची चित्रफीत एकमेकांना आवर्जून पाठवतात. स्पष्टवक्त्याला मिळणाऱ्या टाळ्यांत अशी किती न बोललेली तोंडे असतात! आपल्या वाटचे कुणीतरी बोलतो आहे, याचा तो दिलासा असतो. तो खोटा नाही, पण तेवढ्यावर आपले बोलणे भागत नाही.

म्हणून आम्ही आमच्यापुरते ठरवले आहे, की नेमाड्यांची विधाने वर्गात नेताना त्यांची पुस्तकेही सोबत न्यायची, आणि ‘कोसला’ शिकवताना शेजारी बागूल ठेवायचा. विद्यार्थ्याने नेमाड्यांशी वाद घातला, तर त्याला अडवायचे नाही. ज्या लेखकाने कुणाचीच भीड ठेवली नाही, त्याला मानायचे तर त्याचीही भीड बाजूला ठेवावी लागते.