सोल्युशन वाळेपर्यंत

आमच्या जिन्यात एके सकाळी काळ्या चुऱ्याची रेघ उमटली होती. तळमजल्याच्या दारापासून निघून, प्रत्येक पायरीवर थोडीथोडी सांडत, ती दुसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या उंबऱ्याशी संपत होती. झाडणाऱ्या मावशींना तो कोळसा वाटला. मी चिमटीत धरून पाहिला, तर बोटांमध्ये त्याचं पीठ झालं. काका आदल्या रात्री भाचीच्या लग्नाहून परतले होते, पायात ठेवणीतले बूट घालून. ते त्यांनी मला आणून दाखवले. वरचं चामडं कोरं करकरीत, नाडीसुद्धा मळलेली नाही; खाली मात्र तळ म्हणून काही उरलाच नव्हता. “फार वापरलेसुद्धा नव्हते हो,” काका पुन्हापुन्हा म्हणत होते.

त्यांचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. झिजून फाटलेल्या बुटाचं दुःख होत नाही, त्याने आपलं काम केलेलं असतं. पण काही न करता, खोक्यात बसल्याबसल्या बुटाने संपून जावं हे मनाला पटत नाही. कारण मात्र साधं आहे. असे तळ पॉलियुरेथेनच्या फेसाचे असतात. वजनाला हलके, पायाला मऊ, म्हणून ऑफिसच्या बुटांत आणि ट्रेकिंगच्या बुटांत सर्रास वापरलेले. हवेतली वाफ या फेसात शिरते आणि त्यातल्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडू लागते. तुटताना जे आम्ल सुटतं, ते पुढची साखळी तोडायला मदत करतं. उष्णता आणि दमटपणा असला की हे झपाट्याने होतं. म्हणजे मुंबईत, कोकणात, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून माळ्यावर टाकलेल्या खोक्यात. हरिश्चंद्रगडाला जाताना तोलारखिंडीच्या चढावर एखादा गडी दगडावर बसून बुटाचा सुटलेला तळ नाडीने बांधताना दिसतो, तो बहुधा याच आजाराचा बळी. बूट वर्षभर कपाटात असतो आणि पहिल्या पावसाच्या ट्रेकला बाहेर पडतो.

अशा तळाला कुठलाही गोंद तारत नाही. गोंद दोन पृष्ठभागांना धरतो. पृष्ठभागच भुगा होत असेल तर त्याने धरायचं कशाला? तो तळ समूळ काढून नवा बसवावा लागतो, आणि ते काम घरचं नव्हे. पण ज्या बुटाचा तळ शाबूत आहे आणि फक्त पुढून आ वासला आहे, तो घरी उत्तम दुरुस्त होतो. ते काम मला मनापासून आवडतं.

बहुतेक घरांत अशा वेळी फेविक्विकची चिमुकली ट्यूब निघते. मला ती बुटाजवळ आलेली बघवत नाही. सायनोॲक्रिलेट नावाचा हा पदार्थ १९४२ मध्ये हॅरी कूव्हर या अमेरिकन रसायनतज्ज्ञाच्या हाती लागला तो बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना. जिथे लागेल तिथे चिकटतो म्हणून तेव्हा त्याने तो बाजूला सारला, आणि पुढे १९५८ मध्ये त्याच गुणावर तो बाजारात आला. हवेतला ओलावाच त्याला घट्ट करतो, म्हणून तो आपल्या पावसाळ्यात क्षणात धरतो. कपाच्या तुटलेल्या कानाला तो ठीक आहे. पण वाळला की तो काचेसारखा कडक होतो, आणि बूट तर प्रत्येक पावलाला चवड्याशी वाकतो. चार दिवसांत तडा जातो, आणि मागे जो टणक थर राहतो तो खरवडून काढल्याशिवाय दुसरा कुठलाही गोंद तिथे नीट धरत नाही. पांढरं फेविकॉल सुताराचं, लाकडाचं. पाण्यात चालणाऱ्या तळाशी त्याचं जमत नाही. बुटाला लागतं ते पिवळसर, मधासारखं ओघळणारं, डोक्यात झिणझिण्या आणणाऱ्या वासाचं सोल्युशन.

हा वास आला की मी मिरजेला पोचतो.

माझी आत्या मिरजेला शाळेत शिकवायची आणि आजीसोबत जुन्या वाड्यात राहायची. मे महिन्याच्या शेवटी, आम्ही सगळी भावंडं तिथे जमलेली असताना, ती एक दिवस मागच्या पडवीत गोणपाट अंथरायची आणि वाड्यातल्या सगळ्या पोरांना आपापल्या चपला-बूट घेऊन बोलवायची. शाळा सुरू व्हायच्या आत हे झालं पाहिजे असा तिचा दंडक. सायकलच्या दुकानातून आणलेली सोल्युशनची डबी, फाटकी ट्यूब, काचकागद, पेट्रोलचा बोळा आणि एक बोथट सुरी, एवढंच तिचं सामान. आधी सुरीने जुना, पापुद्रे आलेला गोंद खरवडायचा. मग दोन्ही बाजू काचकागदाने घासायच्या, चकाकी जाऊन मातकट रंग येईपर्यंत. हे तिने कधी दुसऱ्यावर सोपवलं नाही. मग पेट्रोलच्या बोळ्याने पुसून उन्हात ठेवायचं. फटीत ओल राहिलेली तिला खपत नसे. बोट घालून बघायची, गालाला लावून बघायची. हो, गालाला. चप्पल गालाला लावणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

मग दोन्ही बाजूंना सोल्युशनचा पातळ हात. चामडं पहिला हात पिऊन टाकतं, म्हणून त्याला दुसरा. आणि इथे आम्हा पोरांची परीक्षा सुरू व्हायची, कारण लावलं की लगेच चिकटवायचं नाही. वाळू द्यायचं. आम्ही फुंकायला गेलो की ती हात आडवा घालायची, “फुंकू नका रे, तोंडाची वाफ लागते.” घड्याळ ती बघत नसे. पाढे म्हणायला लावायची. बे एके बे पासून सुरुवात, आणि एकोणतिसाचा पाढा संपला की सोल्युशन तयार. बोटाची मागची बाजू टेकवून बघायची, बोटाला काही आलं नाही की एकदाच, नेमकं, टाचेकडून चवड्याकडे दाबत न्यायचं. एकदा टेकलं की सरकवता येत नाही. आमच्यातला एक भाऊ मुद्दाम तेविसाच्या पाढ्यात अडायचा आणि सगळ्यांना पुन्हा मागे नेऊन ठेवायचा. त्याच्या बुटाचा सांधा सगळ्यांत पक्का बसला होता असं आत्या सांगायची.

दाब द्यायला पडवीतच जातं होतं. गिरणी आल्यापासून त्यात दाणा पडला नव्हता. त्याची वरची तळी आत्या दोघा मोठ्या पोरांकडून उचलून घ्यायची आणि ओळीने मांडलेल्या जोडांवर ठेवायची. आजीला हे बघवत नसे. “अन्नाचं जातं आणि त्याखाली चपला? कसली अवदसा आठवली तुला!” आत्या मान वर न करता म्हणायची, “आई, नुसतं पडून आहे ते. पोरांच्या पायांना तरी उपयोगी पडू दे.” दुसऱ्या दिवशी सकाळी आजी जातं धुऊन हळदकुंकू वाहायची, आणि पुढच्या मे महिन्यात सगळं पुन्हा तसंच. एका वर्षी त्या ओळीच्या टोकाला आजीची वहाण दिसली. कुणी आणून ठेवली ते कुणी विचारलं नाही. आत्याने ती सगळ्यांत आधी घेतली.

आता मला ठाऊक आहे, की या जातीच्या गोंदाला रात्रभराच्या वजनापेक्षा जोडण्याच्या क्षणीचा जोरकस दाब महत्त्वाचा असतो. म्हणून चांभार हातोडीने ठोकतो. शिवाय पंक्चरचं सोल्युशन साध्या नैसर्गिक रबराचं, चांभाराचं निओप्रीनचं. ते जास्त ताकदीचं, उन्हाला आणि तेलाला दाद न देणारं. ते रबर १९३० मध्ये अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीत, वॉलेस कॅरॉथर्सच्या प्रयोगशाळेत आर्नल्ड कॉलिन्सच्या हाती आलं. याच कॅरॉथर्सने पुढे नायलॉन दिलं आणि एकेचाळिसाव्या वर्षी स्वतःचं आयुष्य संपवलं. आज रस्त्यावरच्या कितीतरी बुटांचे तळ निओप्रीनने नाहीतर त्याच्यासारख्याच गोंदांनी धरलेले आहेत, आणि तो माणूस कुणाला आठवत नाही.

आत्या सगळंच स्वतः करत नसे. अंगठा उसवला, टाच निसटली, आरीचं काम निघालं, की ती आम्हाला स्टेशनच्या रस्त्यावरच्या मामांकडे पाठवायची. मुठीत पैसे द्यायची आणि दर वेळी बजावायची, “चप्पल पायातून काढून हातात घ्यायची आणि हातात द्यायची. पायाने पुढे ढकलायची नाही.”

तेव्हा ती नुसती शिस्त वाटायची. मोठेपणी बघू लागलो तेव्हा कळलं, की बहुतेक माणसं ढकलतात. फोनवर बोलत असतात, एका पायावर उभी असतात, आणि दुसऱ्या पायाने चप्पल समोर बसलेल्या माणसाकडे सरकवतात. तो ती उचलतो, उलटी करून डाव्या हातात धरतो, अंगठ्याने सांधा चाचपतो. त्याच्यासमोर तीन पायांची लोखंडी ऐरण, चामडं कापायची रापी, मेण लावलेला दोरा, चुकांची डबी. हे हात जे काम इतक्या कौशल्याने करतात त्याच कामापायी त्या हातांना गावकुसाबाहेर ठेवलं गेलं. बाराव्या शतकात कल्याणच्या शरणांमधल्या, म्हणजे बसवण्णांच्या अनुयायांमधल्या, हरळय्या या चांभाराने आणि त्याच्या बायकोने स्वतःच्या मांडीच्या कातड्याची पादत्राणं बसवण्णांसाठी केली अशी कथा आहे. याच हरळय्याच्या घरी ब्राह्मण मधुवरसाची मुलगी सून म्हणून आली, आणि त्यासाठी दोघा व्याह्यांना राजाने मरणाची शिक्षा दिली. ते कल्याण म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या लातूर-उमरग्यापासून लांब नाही. चपला गांधीजींनीही केल्या; दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर ते हे काम शिकले आपले मित्र कॅलनबाख यांच्याकडून. तुरुंगात केलेला एक जोड त्यांनी १९१४ मध्ये, ज्याने त्यांना तुरुंगात टाकलं त्या जनरल स्मट्सना भेट दिला. स्मट्सनी तो कित्येक उन्हाळे वापरला आणि १९३९ मध्ये गांधीजींच्या सत्तरीला परत पाठवला. मला ही गोष्ट फार आवडते, पण ती सांगताना माझ्या मनात नेहमी येतं, की गांधीजींना तो धंदा निवडता आला. स्टेशनच्या रस्त्यावरच्या मामांना तो निवडता आला नव्हता.

सरकारी कागदांत या माणसांना गटई कामगार म्हणतात. समाजकल्याण खात्याच्या योजनेतून त्यांना पत्र्याचे स्टॉल मिळतात, आणि मोठ्या शहरांत पाऊस आला की आपणही त्याच पत्र्याखाली उभे राहतो. बुटांचे तळ शिवलेले होते तेव्हा या माणसाला काम होतं. तळ चिकटवण्याचे दिवस आले आणि स्वस्त जोड उसवला की फेकून द्यायची सवय लागली, तसं ते काम आटलं. घरी सोल्युशनची डबी उघडताना मला हे आठवतं. मी त्याचं काम हिसकावतोय का? मला तसं वाटत नाही. जो घरी चिकटवतो तो जोड जपतो, आणि जपलेल्या जोडालाच कधीतरी आरी लागते.

एक गोष्ट मात्र घरी करू नये. खरी कोल्हापुरी चप्पल सोल्युशनने चिकटवू नये. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं चामडं, त्याला चामड्याच्याच वादीची शिवण. जुन्या पद्धतीच्या पायताणात खिळा नाही, गोंद नाही. वादी सुटली तर वादीच घालायची. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडाने तिच्यासारखीच चप्पल उतरवली तेव्हा आपण सगळे खवळलो, आणि ते बरोबरच होतं. त्या आठवड्यात आपल्यातल्या किती जणांनी आपल्या कोल्हापुरीला तेलाचा हात दिला, हेही मला विचारावंसं वाटतं.

सोल्युशनच्या डबीबद्दलही सांगायला हवं. त्यात टोल्युइनसारखे द्रावक असतात. खिडकी उघडी ठेवून काम करावं, आणि काम झालं की डबी घट्ट बंद करून मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. रेल्वे स्टेशनांवर पिशवीत तोंड घालून हेच सोल्युशन हुंगणारी दहाबारा वर्षांची पोरं मी पाहिली आहेत. डबी बंद करताना ती हटकून डोळ्यांसमोर येतात.

पाऊस जवळ आला आहे. माळ्यावरची, कपाटातली खोकी खाली काढा. बूट हातात घेऊन तळ अंगठ्याने दाबून बघा. चुरा निघाला तर त्याच्यावर गोंद वाया घालवू नका, नवा तळ घालून घ्या. नुसता सांधा सुटला असेल तर घासा, पुसा, वाळवा, दोन्हीकडे लावा आणि पाढे म्हणा. आणि जे तुमच्याने होणार नाही ते नाक्यावरच्या माणसाकडे न्या, चप्पल त्याच्या हातात द्या, आणि तो सांगेल ते पैसे घासाघीस न करता द्या.