तीन तासांचा उजेड

नागपूरच्या ज्या पेठेचे नावच रविवारावरून पडले, त्या इतवारीतील व्यापारी घरांत सुट्टी या शब्दाला फारसा मान नाही. सुट्टी ही नोकरदारांची गोष्ट. दुकान बंद राहायचे ते लग्नकार्यासाठी, सुतकासाठी किंवा यात्रेसाठी. किराणा ओळीतील एका घाऊक पेढीचे बाबूजी याच संस्कारांत वाढले. वयाची एकाहत्तर वर्षे पूर्ण झाली, दोन्ही मुलगे गादीवर बसू लागले, तरी सकाळी अकरा वाजता तिजोरीला लागणारी किल्ली त्यांच्याच खिशातून निघत असे.

माईंनी या घरात सेहेचाळीस वर्षे काढली होती. त्यांचा प्रवास कमी झाला होता असे नव्हे. सम्मेदशिखरजीची वंदना दोन वेळा घडली होती. श्रवणबेळगोळला २००६ आणि २०१८ अशा दोन्ही महामस्तकाभिषेकांना त्या जाऊन आल्या होत्या. मुक्तागिरी आणि रामटेक तर घरच्यासारखेच. परंतु त्या प्रत्येक प्रवासात पंचवीस-तीस माणसांचा संघ, मोठाली पातेली आणि पाणी गाळण्याची छन्नी बरोबर असत, आणि मुक्कामावर पोहोचताच माई चुलीजवळ बसत. पती-पत्नी दोघेच कुठे गेले आहेत, असा प्रसंग त्यांच्या आठवणीत नव्हता.

धाकट्या सुनेने इंग्लंडचा अठरा दिवसांचा बेत मांडला, तेव्हा बाबूजींनी पैशाचा प्रश्न काढला नाही. त्यांचा आक्षेप निराळा होता. श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडाचा त्याग सांगितला आहे. ज्याला प्रयोजन नाही अशी कृती आणि तीतून घडणारी हिंसा टाळावी, असा त्याचा आशय. यात्रेला प्रयोजन असते, व्यापाराला असते. केवळ पाहण्यासाठी समुद्र ओलांडण्याचे प्रयोजन कोणते, असा त्यांचा सवाल होता. घरात कोणी उत्तर दिले नाही. माई पोळीला तूप लावत होत्या. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "अहो, आजवर प्रत्येक प्रवासाला कारण होतं. एकदा बिनकारणाचं जाऊन बघू."

चातुर्मासापूर्वी परतायचे, या अटीवर जूनचा पहिला आठवडा ठरला.

तयारीला पंधरा दिवस लागले. माणशी एक बॅग आणि तिचे वजन तेवीस किलो. परिग्रहाचे परिमाण या वेळी विमान कंपनीनेच घालून दिले, अशी थट्टा थोरल्या मुलाने केली. माईंनी भाजणी, मेतकूट, मुगाची डाळ, खाखरे आणि सुकामेवा भरला. तुपाचा डबा मात्र मागे ठेवावा लागला, कारण भारतातून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. पेढ्यांचे खोकेही त्याच नियमाने घरी राहिले. विमानातील जैन भोजनाची नोंद तिकिटाबरोबरच करून घेतली होती. ऐनवेळी सांगून ते मिळत नाही, हे सुनेला ठाऊक होते. बाबूजींनी एक वस्तू कोणाला न सांगता बरोबर घेतली. तिजोरीची किल्ली त्यांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात होती. दुसरी किल्ली मुलांजवळ होतीच, म्हणजे व्यवहार अडणार नव्हता. तरीही ती घरी ठेवण्याचे त्यांच्या मनात आले नाही.

लंडनच्या हॅरो भागात पुतण्याच्या घरी पहिला मुक्काम पडला. उन्हाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. नागपूरला अकरा वाजता दुकान उघडले की तेथे सकाळचे साडेसहा झालेले असत. त्या वेळेला बाबूजी फोन घेऊन तयार असत. तुरीचा भाव, मिरचीची आवक, कोणाचे येणे राहिले, कोणाची हुंडी सुटली, सगळी विचारपूस होई. पहिले तीन दिवस मुलाने सविस्तर सांगितले. चौथ्या दिवशी फोन मुनिमांनी घेतला. सहाव्या दिवशी कळले की तूरडाळीच्या एका मोठ्या सौद्याचा भाव मुलांनी आपसात ठरवला आणि माल उचलला. निर्णय योग्य होता. तो चुकला असता, तर बाबूजींना कदाचित कमी लागले असते. त्यांनी मुलाचे कौतुक केले, फोन ठेवला आणि त्या दिवशीचा नाश्ता न बोलता संपवला. माईंच्या ते लक्षात आले, पण त्यांनी विचारले नाही.

माईंचे दिवस निराळे जात होते. पुतण्याची मुलगी त्यांना दुकानांत नेई आणि पाकिटांवरील बारीक अक्षरे वाचून दाखवी. अंडे, दूध अशा पदार्थांची नावे तेथे ठळक छापण्याचा कायदा असल्याने बिस्किटात अंडे आहे की नाही ते चटकन कळे. जिलेटिन आणि चीजमधील रेनेट यांची चौकशी मात्र स्वतःच करावी लागे. कांदे-बटाट्यांच्या त्या देशात माईंनी कोबी, फरसबी, वाटाणे आणि मुगाची डाळ यांवर निभावले आणि कोणत्याच नियमाला बाधा येऊ दिली नाही.

एके दिवशी त्याच मुलीने त्यांना ब्रिटिश म्युझियम दाखवायला नेले. तेथील ३३ क्रमांकाच्या दालनात दक्षिण आशियातील शिल्पे मांडली आहेत. बुद्धमूर्ती, शिवपार्वती यांच्या सान्निध्यात तीर्थंकरही दिसले. माई थबकल्या. त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या आणि हात जोडले. पहारेकऱ्याने पाहिले, पण तो काही बोलला नाही. बाबूजी संकोचून हळूच म्हणाले, "अगं, ही पूजेतली मूर्ती नाही." माई म्हणाल्या, "मूर्ती पूजेत नसेल. मी तर दर्शनाला उभी आहे ना." बाबूजींनी मग स्वतःचेही जोडे काढले.

बाहेर पडताना मुलीने विचारले, "आजी, नागपूरच्या म्युझियममध्ये अशा मूर्ती आहेत का?" दोघांनाही उत्तर देता आले नाही. सिव्हिल लाइन्समधील १८६३ साली स्थापन झालेला अजब बंगला त्यांच्या घरापासून काही किलोमीटरवर. अकोला जिल्ह्यात राजनापूर खिनखिनी येथे सापडलेल्या प्राचीन जैन धातुमूर्ती तेथे जपून ठेवल्या आहेत. ही माहिती मुलीने फोनवर शोधून, लंडनच्या फुटपाथवर उभी राहून त्यांना वाचून दाखवली. नागपुरात जन्म काढलेल्या आजोबांनी अजब बंगल्याची पायरी शाळेच्या सहलीनंतर चढली नव्हती. माईंनी तर ती वास्तू आतून पाहिलीच नव्हती.

पुढच्या रविवारी पुतण्या त्यांना लेस्टरला घेऊन गेला. लंडनपासून आगगाडीने तासाभराहून थोड्या अधिक अंतरावर असलेल्या या शहरात, पूर्वी ख्रिस्ती प्रार्थनामंदिर असलेल्या इमारतीत, जैन केंद्र उभे आहे. १९८८ मध्ये तेथे प्रतिष्ठा झाली. श्वेतांबर मंदिर, दिगंबर मंदिर आणि स्थानकवासी उपाश्रय तेथे एकाच छताखाली आहेत. गावोगावच्या वादांच्या कथा ऐकलेल्या बाबूजींना याचे विशेष वाटले.

दर्शनानंतर ओट्यावर बसले असता एका वृद्ध गृहस्थांची ओळख झाली. ते मूळचे सौराष्ट्राचे, पण जन्म कंपालाचा. १९७२ च्या ऑगस्टमध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना युगांडा सोडून जाण्याचा हुकूम काढला, तेव्हा ते विशीत होते. मुदत नव्वद दिवसांची होती. वडिलांचे कापडाचे दुकान भरलेले होते. ते मालासकट तसेच सोडून कुटुंब इंग्लंडला आले आणि वडील येथे एका कारखान्यात कामाला लागले.

बाबूजींनी विचारले, "दुकानाचं काय केलंत?"

"काय करणार? कुलूप लावलं," गृहस्थ हिंदीत म्हणाले. "कुलूप कोणी तोडलं, कधी तोडलं, ते आम्हाला कळलंही नाही. किल्ली मात्र वडिलांनी शेवटपर्यंत उशाशी ठेवली. ते गेल्यावर आईने ती नदीत सोडली."

ते हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हते. त्यांची मुले डॉक्टर झाली होती, नातवंडांना गुजराती समजत होती आणि ते स्वतः दर रविवारी येथे सेवेला येत होते. बाबूजींचा हात मात्र नकळत सदऱ्याच्या आतल्या खिशाकडे गेला. माईंना तेव्हाच कळले की किल्ली बरोबर आली आहे.

शेवटचे चार दिवस दोघांचे होते. इंग्लंडच्या वायव्येस विंडरमियर नावाचे सरोवर आहे. इंग्लंडमधील हे सर्वांत मोठे नैसर्गिक सरोवर, लांबी सुमारे सतरा किलोमीटर. त्याच्या काठी स्वयंपाकघर असलेले एक छोटे घर पुतण्याने ठरवून दिले होते. माईंनी पहिल्या संध्याकाळी नेहमीप्रमाणे खिचडी आणि कोबीची भाजी केली. पावणेसातला जेवण आटोपले, भांडी झाली आणि मग त्यांना काय करावे ते सुचेना. जूनच्या मध्यास तेथे सूर्य मावळतो पावणेदहाच्या सुमारास. बाबूजी म्हणाले, "नियम सूर्यास्ताचा आहे. नऊला जेवलो असतो तरी चाललं असतं." माई हसल्या. "नियम सूर्याचा, पण भूक नागपूरच्या घड्याळाची."

दोघे सरोवराकाठच्या बाकावर जाऊन बसले. पाण्यावर ऊन होते. फुटाळा तलाव आठवला, त्याच्या काठची भाजलेली कणसे आठवली, आणि तेथेही आपण दोघे शेवटचे कधी बसलो होतो हे मात्र दोघांनाही आठवले नाही. इतवारीतील रीत अशी की पुरुषांनी दिवस मावळण्यापूर्वी घरी येऊन जेवायचे आणि पुन्हा दुकानात जायचे. माई म्हणाल्या, "लग्न झाल्यावर पहिली दोन वर्षे मला संध्याकाळची भीती वाटायची. तुम्ही जेवून परत जात होते. रात्री शटर पडल्याचा आवाज घरापर्यंत यायचा. तो ऐकल्यावर मला झोप लागायची."

बाबूजींना हे ठाऊक नव्हते. शटर ओढणारे तेच होते. त्या आवाजाची कोणी वाट पाहत असेल असे त्यांना कधी वाटले नव्हते. बऱ्याच वेळाने ते तूरडाळीच्या सौद्याबद्दल बोलले. "मला न विचारता भाव ठरवला गं त्यांनी."

"बरोबर ठरवला ना? शिकवलं तुम्हीच." थोडे थांबून माई पुढे म्हणाल्या, "तुम्हाला पोरांनी न सांगता का होईना, रजा दिली. मला अजून कोणी दिली नाही. कोठीघराच्या किल्ल्या माझ्याच कमरेला आहेत. सुनेनं कधी मागितल्या नाहीत, आणि मीही कधी दिल्या नाहीत."

त्या संध्याकाळी आणि पुढच्या तिन्ही संध्याकाळी ते तेथेच बसले. बोलणे फार झाले असे नाही. पण सूर्यास्तापूर्वीचे ते तीन तास दोघांपैकी कोणाच्याच हिशेबात नव्हते, आणि ते खर्च झाल्याचे कोणाला दुःखही वाटले नाही. तिसऱ्या दिवसापासून बाबूजींनी सकाळी साडेसहाचा फोन बंद केला.

चातुर्मास सुरू होण्याच्या दोन आठवडे आधी दोघे नागपूरला परतले. तिजोरीची किल्ली बाबूजींनी थोरल्या मुलाच्या हातात दिली. मुलगा घाबरला, वडिलांची प्रकृती बरी नाही की काय, असे त्याला वाटले. त्याची समजूत घालावी लागली. कोठीघराच्या किल्ल्या माईंनी आठ दिवसांनी दिल्या. त्यांना ते बाबूजींपेक्षा जड गेले. सुनेने तांदळाची बरणी भलत्याच फळीवर ठेवलेली पाहून त्या दोनदा बोलून गेल्या आणि तिसऱ्यांदा गप्प राहिल्या.

परिग्रह वस्तूंत नसून त्यांच्यावरील आसक्तीत असतो, हे बाबूजींनी प्रवचनांतून अनेकदा ऐकले होते. अनर्थदंडाचा आपला आक्षेप चुकीचा होता, असे ते आजही म्हणत नाहीत. प्रयोजन आधी ठाऊक नव्हते, एवढेच ते कबूल करतात.

दुकानात ते अजूनही जातात. अकराला पोहोचतात, भाव विचारले तर सांगतात, न विचारल्यास वर्तमानपत्र वाचतात. पाच वाजता घरी येतात आणि जेवणानंतर परत जात नाहीत. परतल्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी दोघे रिक्षाने अजब बंगल्यात गेले आणि राजनापूरच्या धातुमूर्तींसमोर बराच वेळ उभे राहिले. नागपूरच्या संध्याकाळी तीन तासांचा उजेड नसतो. जेवण आटोपल्यावर अर्धा तास तेवढा उरतो. तो ते गच्चीवर एकत्र बसून घालवतात.