मॅथ्यू स्ट्रीटचं तळघर

मित्रांनो, घरातला नकाशा काढा आणि इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरून बोट फिरवा. मर्सी नदी जिथं समुद्राला मिळते, तिथं तुम्हाला लिव्हरपूल हे बंदर सापडेल. या शहराचं आणि आपल्या मुंबईचं जुनं नातं आहे, बरं का! १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं. तिथला कापूस इंग्लंडला पोचेना. तेव्हा मुंबईच्या धक्क्यावरून कापसाच्या गाठी भरभरून या लिव्हरपूलला जात. मुंबईत त्या चार वर्षांत पैशांचा पाऊस पडला होता!

आज मात्र जगभरातून माणसं लिव्हरपूलला येतात ती गाण्यासाठी. चला, आपणही जाऊ या. लाइम स्ट्रीट स्टेशनवर उतरायचं. समोरच सेंट जॉर्जेस हॉलची उंच खांबांची भव्य इमारत दिसते. तिच्याकडं बघत बघत उताराला लागायचं, दुकानांनी गजबजलेला व्हाइटचॅपल नावाचा रस्ता ओलांडायचा आणि आतल्या एका अरुंद गल्लीत शिरायचं. दहा-बारा मिनिटांचीच वाट. या गल्लीचं नाव मॅथ्यू स्ट्रीट.

गल्लीत पाऊल टाकलं की कुठून तरी गिटारचा आवाज येतोच. एके काळी मात्र इथं फक्त गोदामं होती. भाजी आणि फळं घेऊन ट्रक यायचे आणि गल्लीभर सडक्या फळांचा वास सुटलेला असायचा. अशाच एका गोदामाच्या पोटात, जमिनीखाली, एक तळघर होतं. १६ जानेवारी १९५७ रोजी तिथं गाण्याचा एक क्लब सुरू झाला. नाव ठेवलं ‘कॅव्हर्न’, म्हणजे गुहा. नाव अगदी शोभणारं! अठरा पायऱ्या उतरून खाली गेलं की विटांचे तीन लांबट बोगदे. मधल्या बोगद्याच्या टोकाला छोटासा रंगमंच. खिडकी एकही नाही.

रॉकला बंदी!

गंमत म्हणजे, ज्या रॉक संगीतामुळे ही जागा जगभर गाजली, त्याच रॉकला इथं सुरुवातीला मज्जाव होता. हा क्लब होता जाझ संगीताचा. जाझचे चाहते रॉकला धांगडधिंगा समजत.

ऑगस्ट १९५७मध्ये शाळकरी पोरांचा एक बँड इथं वाजवायला आला. त्यांचा म्होरक्या होता सोळा वर्षांचा जॉन लेनन. परवानगी होती ‘स्किफल’ची. स्किफल म्हणजे घरातल्या वस्तूंमधून उभं राहिलेलं संगीत. चहाच्या रिकाम्या खोक्याला काठी आणि दोरी लावायची, की झालं तंतुवाद्य! कपडे घासायच्या पत्र्यावरून बोटं फिरवायची, की झाला ताल! पण जॉनला राहवेना. त्यानं मध्येच एल्विस प्रेस्लीची रॉक गाणी सुरू केली. लगेच मालकांची चिठ्ठी रंगमंचावर आली : हे बंद करा!

पुढं १९५९ साली क्लबचे मालक बदलले. नव्या मालकांनी बघितलं, की शहरातल्या गल्लीबोळांत मुलांचे बँड उगवताहेत आणि त्यांना ऐकायला गर्दी लोटते आहे. १९६०पासून त्यांनी रॉकला दार उघडलं. ९ फेब्रुवारी १९६१ला दुपारी एक बँड पहिल्यांदाच ‘बीटल्स’ या नावानं कॅव्हर्नमध्ये वाजवायला उभा राहिला. त्यात तोच जॉन होता, शिवाय पॉल मॅकार्टनी आणि जॉर्ज हॅरिसन होते. ड्रमवर होता पीट बेस्ट. रिंगो स्टार पुढं ऑगस्ट १९६२मध्ये आला. ही मुलं आदल्या वर्षी जर्मनीत हॅम्बुर्गच्या क्लबांमध्ये रोज तासन्‌तास वाजवून आली होती. हात असे बसले होते, की लिव्हरपूलकर बघतच राहिले!

दुपारच्या सुट्टीतली मैफल

कल्पना करा. दुपारचे बारा वाजलेत. आजूबाजूच्या कचेऱ्यांतल्या आणि दुकानांतल्या मुली, कारकून, शिकाऊ कामगार जेवणाच्या सुट्टीत धावत मॅथ्यू स्ट्रीटवर येतात आणि रांग लावतात. एक शिलिंग द्यायचा आणि खाली उतरायचं. दारू इथं मिळत नसे. सूप, पाव आणि थंड पेयं एवढाच बेत. काही मुली केस कुरळे करायचे रोलर डोक्याला तसेच लावून येत. बीटल्स येण्याची वेळ झाली की रोलर भराभर निघत आणि पर्समध्ये जात!

आत शे-दोनशे माणसांच्या श्वासांनी आणि घामानं भिंतींवरून पाणी ओघळायचं. छताच्या चुन्याचे पापुद्रे डोक्यांवर पडायचे. त्याला लोक गमतीनं ‘कॅव्हर्नचा कोंडा’ म्हणत. विजेच्या उपकरणांना हा ओलावा कसा मानवणार? मध्येच फ्यूज उडायचा आणि गिटार मुक्या व्हायच्या. अशा वेळी बीटल्स काय करत, माहीत आहे? रंगमंच सोडून जात नसत. विनोद सांगत, समोरच्यांशी गप्पा मारत. पॉल पियानोवर बसून ब्रेडच्या जाहिरातीचं गाणं म्हणे आणि सगळं तळघर त्याच्या सुरात सूर मिसळे. फ्यूज बसला, की पुन्हा धडाका!

मित्रांनो, थेट कार्यक्रमाची खरी मजा हीच. तबकडीवरचं गाणं दर वेळी तेच असतं. तळघरातलं गाणं रोज वेगळं. पुढ्यात बसलेली मुलगी ओरडून फर्माईश करणार, गाणारा तिला उत्तर देणार, एखादी तार तुटणार आणि त्यातूनही गाणं पुढं जाणार. ऐकणारेही त्या गाण्यात सामील असतात. बीटल्सनी कॅव्हर्नमध्ये पावणेतीनशेच्या आसपास कार्यक्रम केले. एकाच जागी, बऱ्याचदा त्याच माणसांसमोर! तीच गाणी तशीच वाजवली तर लोक कंटाळतील, म्हणून नवी बसवा, स्वतः लिहा, असं करत करत ती पोरं तयार झाली.

आणि आई-बाबा? तुमच्या घरी होतं तसंच तिथंही होतं! जॉनला वाढवणाऱ्या मिमीमावशीचं ठाम मत होतं, की गिटारवर पोट भरत नाही. एकदा त्या कॅव्हर्नमध्ये डोकावल्या आणि तिथला प्रकार बघून हादरल्याच. त्यांची काळजी अगदीच खोटी नव्हती. हवा नाही, आणि बाहेर पडायला तो एक जिना. अशा जागेला आज परवानगी मिळणं कठीण. पॉलच्या वडिलांची तऱ्हा निराळी. जिम मॅकार्टनी कापसाच्या व्यापारात नोकरीला होते आणि त्यांची कचेरी जवळच होती. आई वारलेली, त्यामुळे घरचा स्वयंपाक बापलेक मिळून करत. जिम दुपारी गर्दीतून वाट काढत कॅव्हर्नमध्ये यायचे आणि रात्रीच्या जेवणासाठी घेतलेलं मटण पॉलच्या हातात द्यायचे. घरी जाऊन शिजवायला ठेव!

तीन पेन्सचं वर्तमानपत्र

आता कॅव्हर्नमधून बाहेर या. थोडं चाललं की रेनशॉ स्ट्रीट लागतो. तिथं एका दारूविक्रेत्याच्या दुकानावरच्या माळ्यावर १९६१ साली एक धमाल चालली होती. जॉनबरोबर कला महाविद्यालयात शिकलेला बिल हॅरी नावाचा तरुण संगीतवेडा होता. त्याच्या लक्षात आलं, की शहरात शेकडो बँड आहेत, पण वर्तमानपत्रांत त्यांच्याबद्दल अवाक्षर नाही. कुठं कोण वाजवणार, हे कळायचं कसं? मोठी माणसं लिहीत नाहीत, तर आपणच लिहू! त्यानं मित्राकडून ५० पौंड उसने घेतले आणि मैत्रीण व्हर्जिनियाच्या मदतीनं पाक्षिक काढलं. नाव ‘मर्सी बीट’. बीट म्हणजे ताल, हे तर झालंच; पण बिलच्या डोक्यात आला होता पोलिसाचा बीट! आपल्याकडे नाही का बीट हवालदार असतो? ठरलेल्या भागात गस्त घालणारा. तशी आपण मर्सीकाठच्या संगीतावर गस्त घालायची!

६ जुलै १९६१ला पहिला अंक निघाला. किंमत तीन पेन्स, प्रती पाच हजार. बिलनं त्या स्वतः दुकानादुकानांत नेऊन दिल्या. बीटल्सचा जन्म कसा झाला, यावर जॉननं त्यात एक अचाट विनोदी लेख लिहिला होता. व्हाइटचॅपलवर ब्रायन एपस्टाइन नावाचे सव्वीस वर्षांचे गृहस्थ वडिलांच्या दुकानातला तबकड्यांचा विभाग सांभाळत. त्यांनी काही प्रती ठेवून घेतल्या. बघता बघता संपल्या! दुसऱ्या अंकाच्या त्यांनी बारा डझन प्रती मागवल्या. त्या अंकाच्या पहिल्याच पानावर बीटल्सच्या जर्मनीतल्या ध्वनिमुद्रणाची बातमी होती. थोड्याच दिवसांत एपस्टाइन स्वतःच ‘मर्सी बीट’मध्ये नव्या तबकड्यांवर लिहू लागले.

एका मुलानं दुकानात येऊन बीटल्सची तबकडी मागितली आणि आपलं कुतूहल चाळवलं, असं एपस्टाइन यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहिलं आहे. ९ नोव्हेंबर १९६१च्या दुपारी सुटाबुटातले हे गृहस्थ त्या अठरा पायऱ्या उतरले. थोड्याच दिवसांत ते बीटल्सचे व्यवस्थापक झाले. ऑक्टोबर १९६२मध्ये बीटल्सची पहिली तबकडी ‘लव्ह मी डू’ बाजारात आली आणि पुढचं तर सगळं जग जाणतं.

‘मर्सी बीट’नं वाचकांची मतंही मागवली : शहरातला सर्वांत आवडता बँड कोणता? निकाल लागला जानेवारी १९६२मध्ये. पहिले बीटल्स! मतं पाठवणाऱ्यांत खुद्द बँडमधली पोरंही होती, हे गुपित नंतर फुटलं!

३ ऑगस्ट १९६३ला बीटल्स कॅव्हर्नमध्ये शेवटचं वाजले. तिकिटं अर्ध्या तासात संपली होती. आता त्यांना ते तळघर पुरणार नव्हतं. तीन वर्षांनी, सप्टेंबर १९६६मध्ये, जॉर्ज हॅरिसन पंडित रविशंकरांकडे सतार शिकायला मुंबईला आला. ओळखू येऊ नये म्हणून त्यानं मिशा वाढवल्या होत्या. पण बातमी फुटलीच आणि ताजमहाल हॉटेलसमोर तरुणांची गर्दी जमली. मॅथ्यू स्ट्रीटचं वेड आता अपोलो बंदरावर येऊन पोचलं होतं!

वाहनतळाखाली गुहा

कॅव्हर्नचं मात्र काय झालं? बीटल्स गेल्यावरही तिथं नवे बँड वाजत होते. पण सांडपाण्याची दुरुस्ती आणि कर्ज मालकांना झेपेना. फेब्रुवारी १९६६मध्ये क्लबला टाळं लागायची वेळ आली. तेव्हा चाहत्यांनी काय केलं असेल? त्यांनी स्वतःला आत कोंडून घेतलं आणि जिन्यात खुर्च्या रचून वाट अडवली! शेवटी पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं. पण बातमी देशभर गेली. त्याच वर्षी २३ जुलैला क्लब पुन्हा उघडला आणि उद्घाटनाला आले चक्क पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन.

१९७३मध्ये मात्र कुणाचं काही चाललं नाही. शहराखालून रेल्वे जाणार होती. तिच्यासाठी हवा खेळवणारा झरोका इथं खणायचा ठरला. मे महिन्यात क्लब बंद झाला, वरचं गोदाम पाडलं, तळघरात राडारोडा भरला. आणि ऐका, तो झरोका तिथं कधी खणलाच नाही! त्या जागेवर मोटारी उभ्या राहू लागल्या.

८ डिसेंबर १९८० रोजी न्यू यॉर्कमध्ये जॉन लेननची हत्या झाली. जगभरातून लोक हळहळत लिव्हरपूलला येऊ लागले आणि विचारू लागले, कॅव्हर्न कुठं आहे? शहराकडं दाखवायला होता वाहनतळ! मग खोदकाम सुरू झालं. जुन्या कमानी वापरण्याजोग्या उरल्या नव्हत्या. तरी सुमारे १५ हजार जुन्या विटा निघाल्या. त्या वापरून, बरीचशी त्याच जागेत पण अधिक खोल, नवी गुहा बांधली. ती २६ एप्रिल १९८४ला उघडली. आज तुम्ही उतरता ती हीच. १४ डिसेंबर १९९९ला पॉल मॅकार्टनी इथं परत येऊन गायला. आजही इथं रोज कुणी ना कुणी गिटार जुळवत असतं. २०१५मध्ये युनेस्कोनं लिव्हरपूलला ‘संगीतनगरी’ म्हणून गौरवलं. ज्या शहरानं आपलं तळघर स्वतःच्या हातानं बुजवलं होतं, त्याच शहरानं!

तुमची पाळी

आता एक काम. तुमच्या गावात गाणं-वाजवणं कुठं चालतं, ते शोधा. गणेशोत्सवाचा मांडव असेल, शाळेचं सभागृह असेल, भजनी मंडळाचं देऊळ असेल, नाही तर कॉलेजच्या मुलांची गिटार घुमवणारी एखादी मोकळी खोली. आई-बाबांना बरोबर घेऊन एकदा तिथं जा. कानांना फार होईल इतक्या मोठ्या कर्ण्यांसमोर मात्र उभे राहू नका! कोण काय वाजवतं, काय आवडलं, काय फसलं, हे घरी येऊन लिहून काढा. अशी चार-पाच टिपणं जमली, की शाळेच्या हस्तलिखितात एक पान मागून घ्या. बिल हॅरीला उसने पैसे घ्यावे लागले होते. तुमचं काम एका वहीवर आणि पेनवर भागेल.

आणि ती जागा पाडायची आहे, असं कुठं कानावर आलं, तर तेही लिहा. आधी लिहा, पाडून झाल्यावर नव्हे.