एक तोळ्याची माळ

धुळ्याहून जळगावास जाणारी सकाळची एस. टी. मी गेल्या वर्षी ओळीने आठ गुरुवार धरली. घरी सांगितले की, जळगावी एका जुन्या विद्यार्थ्याकडे काम आहे. हे सांगणे असत्य नव्हते. परंतु अर्धेच सत्य होते. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मी तेथे सोनारकाम शिकावयास जात होतो.

ह्या उद्योगाचे कारण पन्नास वर्षांमागचे आहे. 1974 साली मी मॅट्रिक झालो. शिक्षकी प्रशिक्षणास पाठविण्याइतके पैसे वडिलांच्या मिळकतीतून उरत नसत. एके दिवशी आईच्या हातांतील पाटल्या दिसेनाशा झाल्या व माझी फी भरली गेली. घरात त्याविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. 2016 साली सेवानिवृत्त झालो, तेव्हा हाती आलेल्या रकमेतून मी तशाच पाटल्या करवून आणल्या. आईने त्या निरखून पाहिल्या, देवापुढे ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी माझ्या सुनेच्या हातांत घातल्या. वडील गेल्यापासून तिच्या अंगावर तुळशीच्या माळेखेरीज काही नाही. ती माळही दोऱ्यात ओवलेली. वर्षातून दोनतीनदा तुटे आणि मुले मणी वेचीत माजघरभर रांगत. ‘चांदीच्या तारेत गाठवून आणू या,’ असे सूनबाई म्हणाली. सराफाकडून ते सहज झाले असते. पण पाटल्यांचा अनुभव गाठीशी होता. ह्या खेपेस पैसा न खर्चता हात खर्ची घालावेत, असे मी मनाशी ठरविले.

सराफ धुळ्यातही पुष्कळ आहेत. परंतु कॅप्टन ब्रिग्जने आखलेल्या आमच्या सरळ, क्रमांकवार गल्ल्यांत कोणतीही वार्ता दुपारपर्यंत गुप्त राहत नाही. म्हणून जळगाव!

वाट सुमारे 90 किलोमीटरांची. दोन्ही बाजूंस कपाशी, गाडीत अहिराणीचा मोकळा सूर. पारोळा, एरंडोल मागे पडले की बांभोरीजवळ गिरणेचा पूल येतो. तेथील विद्यापीठास 2018 पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी ह्यांचे नाव आहे. ती पाटी पाहिली की दर खेपेस मनात एकच विचार येई. जवळच्या असोद्याची ही लेक निरक्षर होती. तिच्या ओव्या लेकाने, सोपानदेवांनी, जपल्या व पुस्तकरूपाने प्रसिद्ध करविल्या. पण पुस्तक निघाले 1952 साली आणि माउली 1951 मध्येच निघून गेली होती. लेकाची भेट जगास पोचली. जिची होती, तिने ती पाहिली नाही. माझी आई सत्याऐंशी वर्षांची आहे. गाडी पूल ओलांडी, तेव्हा मी पिशवीतील चष्मा उगाच चाचपून पाही.

जळगावास लोक सुवर्णनगरी म्हणतात. सराफ बाजारात भपकेदार दुकाने आहेत. पण घडणावळीचे काम चालते ते मागच्या बोळांतील लहानशा खोल्यांत. माझा विद्यार्थी अशाच एका खोलीत ऐरणीपुढे बसतो. तो सातवीत असताना वरचेवर गैरहजर राही आणि मी त्याला भर वर्गात म्हणालो होतो, “हातोडीने पोट भरेल, डोके नाही.” तो का येत नसे, हे मी त्या वेळी विचारले नाही. ते त्याने आता सांगितले. चीनच्या युद्धानंतर, जानेवारी 1963 मध्ये, सुवर्णनियंत्रण आले व 14 कॅरटांहून शुद्ध दागिने घडविण्यास बंदी झाली. त्याच्या वडिलांनी तीन वर्षे हातगाडी ओढली. 1966 साली ती मर्यादा उठली. परंतु कायद्याचा जाच 1990 पर्यंत राहिला. मोडलेले घर सावरावयास पोराचेही हात लागत. हे ऐकून मी काय बोलणार? “गुरुजी, ते राहू द्या. तुम्ही आधी मांडी घालून बसा,” एवढेच तो म्हणाला.

एक तोळा चांदी आम्ही घेतली. टाकणखार टाकून ती मुशीत वितळविली. सुवर्णाची परीक्षा अग्नीत होते, हे रघुवंशाच्या आरंभी मी कित्येक वर्षे शिकविले. पण धातू पाण्यासारखा डोलताना तोवर कधी पाहिला नव्हता. कांब ठोकून बारीक केली आणि जंतरातून, म्हणजे उतरत्या मापांची भोके असलेल्या पोलादी पट्टीतून, ओढीत गेलो. तिसऱ्या भोकास तार तुटली. पुन्हा तुटली. “ओढून ओढून ती कडक होते, गुरुजी. मग तिला तापवून विसावा द्यावा लागतो. पुढे ओढण्याची घाई केली की तुटणारच.” तो तारेविषयीच बोलत होता, मला मात्र माझा वर्ग आठवला.

तुळशीच्या काष्ठास आच चालत नाही; यास्तव डाक देता येत नाही. प्रत्येक मण्यातून तार घालावयाची, दोन्ही टोकांस पकडीने कडी वळावयाची, ती पुढच्या कडीत अडकवून तार तिच्याच मानेभोवती पिळावयाची. मणी 108, कड्या 216. पहिल्या दिवशी सात मणी झाले व त्यांतील चार त्याने उलगडावयास लावले. एक मणी तर जोर होऊन चिरलाच. त्याच्या जागी आईच्या जुन्या माळेचा एक मणी लावला. नातवाने तो आपल्या डबीत जपून ठेविला होता.

आठव्या गुरुवारी सायंकाळी माळ आईच्या हाती दिली. तिला आता डोळ्यांनी कमी दिसते. तिने बोटांनीच एकेक मणी चाचपला. “कोणी केली?” मी सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “येथे टोचते रे.” मी कानस आणून तेवढी कडी घासली. माळ गळ्यात घालून ती म्हणाली, “पाटल्यांचे अजून मनात ठेवले होतेस ना? मी तर त्या कधीच विसरले.”

खरोखर विसरली होती की नाही, देव जाणे. परंतु ती माळ तिने उतरविलेली नाही. वाचकांपैकी ज्यांच्या घरी आईवडील आहेत, त्यांनी अशा कामास माझ्याइतका उशीर करू नये, एवढेच सुचवितो.

नवव्या गुरुवारीही मी जळगावास गेलो. आता लपविण्याजोगे काही उरले नव्हते. पिशवीत डिंकाच्या लाडवांचा डबा होता, आणि आईचा निरोप होता, “त्या मुलाला सांग, माळ चांगली झाली आहे, आणि तू त्याला रागावला होतास, त्याची माझ्या वतीने क्षमा माग.”