ठेवणे आणि टाकणे

इंग्रजीच्या तासाला सर जोडक्रियापदे शिकवीत होते. क्रियापदाला 'अप', 'ऑफ', 'आऊट' असे एखादे शेपूट लागले की अर्थ कसा पालटतो, हे सांगता सांगता त्यांनी फळ्यावर लिहिले : 'ले ऑफ'. 'ले' म्हणजे ठेवणे, 'ऑफ' म्हणजे बाजूला. "आता लाक्षणिक अर्थ कोण सांगेल?" पहिला हात माझा वर गेला. तो अर्थ मी पुस्तकात शिकलो नव्हतो.

२०१९ साली वाहनांची मागणी घटली तेव्हा मी नववीत होतो. दादा चाकण पट्ट्यातल्या एका कारखान्यात कायम कामगार. एका संध्याकाळी ते कुरुळीला घरी आले, डबा ओट्यावर ठेवला आणि म्हणाले, "ले-ऑफ लागला." आजीला काही उमगेना. मी शब्दकोश काढून सांगितले, "बाजूला ठेवलंय, आजी." पेरणी उरकली की पाभर बाजूला ठेवतात, हे तिला ठाऊक. तिने विचारले, "ठिवलंय न्हवं? टाकलं तर न्हाई?"

कायद्यातला सारा भेद आजीने एका प्रश्नात सांगितला होता, हे मला पुढे ग्रंथालयात कळले. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफ वेगळा आणि कामगारकपात वेगळी. २०२० च्या संहितेतही तो भेद राहिला. ले-ऑफमध्ये नाव मस्टरवर राहते. कामगार वेळेवर हजर झाला आणि दोन तासांत काम मिळाले नाही, तर तो दिवस ले-ऑफचा. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कायम कामगाराला त्या दिवसांची भरपाई मिळते, मूळ पगार व महागाई भत्ता यांच्या निम्मी. म्हणून दादा रोज डबा घेऊन गेटवर जात. आपण मराठीत म्हणतो, 'घरी बसवले'. दादा एक दिवसही घरी बसले नाहीत.

शेजारचा कंत्राटी पोरगा मात्र खरोखरच घरी बसला. त्याला "उद्यापासून येऊ नकोस" एवढेच सांगितले गेले. त्याच्यासाठी इंग्रजी शब्दसुद्धा कुणी खर्ची घातला नाही.

यथावकाश दादांना काम मिळाले. आजीची पाभर पुन्हा शेतात निघाली म्हणायची!

माझे उत्तर ऐकून सर म्हणाले, "बरोबर. आणखी एक अर्थ लिहून घ्या : एखादी सवय सोडणे." मी वहीत लिहून घेतले. त्या गेटवरच्या दिवसांतच दादांनी तंबाखू सोडली होती. कारण त्यांनी सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही.